गुलाबी रंगाचा हिशेब : पानांतल्या मेदाची एक चाचणी

ही चाचणी पानांसाठी जन्मलीच नव्हती. 1944 साली कोन आणि लिव्हरसेज मेंदूच्या ऊतींवर काम करत होते. त्यांत थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवलं की गुलाबी रंग येतो, हे त्यांना दिसलं. आपण त्या आम्लाला टीबीए म्हणू. रंगाचा उलगडा 1950 च्या दशकात झाला. मेदाम्लं ऑक्सिडेशननं तुटली की मॅलॉनडायअल्डिहाइड बनतं. त्याचा एक रेणू टीबीएच्या दोन रेणूंशी जोडला जातो आणि 532 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. रंग गडद म्हणजे नासाडी जास्त, असा सरळ हिशेब.

1968 मध्ये हीथ आणि पॅकर यांनी हीच चाचणी हरितलवकांवर वापरली. पानातून हरितलवकं वेगळी काढली, त्यांवर प्रकाश टाकला आणि मेदाचं ऑक्सिडेशन मोजलं. द्रावणाच्या गढूळपणाचा भाग काढायला 600 नॅनोमीटरचं वाचन वजा करायचं. वेगळ्या काढलेल्या हरितलवकांसाठी ते ठीकच होतं. गंमत अशी, की पुढे लोकांनी अख्खं पान वाटून घेतलं आणि वजाबाकी मात्र तीच ठेवली!

अख्ख्या पानात काय काय असतं? जांभळ्या कोबीवर लिंबू पिळून पाहा, लालभडक होतो. ते अँथोसायनिन. चाचणीचं द्रावणही आम्लधर्मीच असतं, आणि हा लाल रंग नेमका 532 च्या आसपास प्रकाश शोषतो. 600 वर तो फारसा दिसतच नाही, मग वजा कसा होणार? साखरेचं निराळंच. तीही टीबीएबरोबर तापली की रंग देते, मुख्यतः 440 जवळ, पण थोडा 532 वरही.

खरी पंचाईत इथे आहे. थंडी, दुष्काळ, तीव्र ऊन असा ताण आला, की बरीच झाडं अँथोसायनिन आणि साखर वाढवतात, बचावासाठी. म्हणजे चूक दोन्ही गटांत सारखी राहत नाही. ज्या पानांवर ताण दिला, त्यांतच ती फुगते. झाडाचा बचाव वहीत इजा म्हणून नोंदला जाऊ शकतो.

1999 मध्ये हॉजेस आणि सहकाऱ्यांनी ‘प्लांटा’ या नियतकालिकात उपाय मांडला. प्रत्येक अर्काचे दोन भाग करायचे, एकात टीबीए, दुसऱ्यात नाही. बिनटीबीएचा रंग वजा. साखरेसाठी 440 चं वाचन घेऊन वेगळी दुरुस्ती. लाल कोबी, पालक आणि वाटाणा यांवर त्यांनी हे तपासलं. काम दुप्पट होतं, खरंय. म्हणूनच की काय, जुनी एकाच नळीची पद्धत अजून सर्रास चालते.

आणि 2017 साली त्याच ‘प्लांटा’मध्ये या सुधारित पद्धतीवरही भाष्य करणारं एक टिपण छापून आलं.