ज्यात चांदी होती ते फोटो

तीर्थपुरीत माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. त्यातल्या जवळजवळ सगळ्या रंगीत निगेटिव्ह अजून घरात आहेत, चार पेट्या भरून. ब्लॅक अँड व्हाइटचा मात्र एक डालड्याचा डबा उरलाय. नवं ते टिकलं आणि जुनं ते हरवलं, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. ते मला कळलं स्कॅनरवर केलेल्या एका चुकीतून.

स्कॅनर सेकंडहँड, फक्त ३५ एमएम फिल्मचा. गेल्या दिवाळीत पुण्याहून सॅकमध्ये घालून नेला. सहा फोटोंची पट्टी ट्रेमध्ये बसवायची, ब्लोअरने धूळ उडवायची, ट्रे एकेक घर पुढे सरकवायचा. ३६०० डीपीआयवर एका फोटोचे साधारण १.७ कोटी पिक्सेल मिळतात, आणि १६ बिटची टिफ फाइल १०० एमबीच्या पुढे जाते. एका पट्टीत चहा होतो. रंगीत पट्ट्या सुंदर निघाल्या. मग डबा उघडला, सेटिंग तसंच ठेवलं, आणि एका लग्नाच्या फोटोत वऱ्हाडाचे फेटे वितळल्यासारखे दिसले. सदरे, धोतरं, नवरदेवाचं उपरणं, जे जे पांढरं ते सगळं फरफटलेलं.

धूळ काढायचं सेटिंग चालू राहिलं होतं. ते कसं चालतं बघा. स्कॅनर प्रत्येक फोटो दोनदा वाचतो, एकदा साध्या प्रकाशात आणि एकदा इन्फ्रारेडमध्ये. रंगीत निगेटिव्ह धुताना तिच्यातली चांदी पूर्ण काढून टाकतात, मागे फक्त रंग राहतात. त्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो. धूळ आणि ओरखडे त्याला अडवतात. म्हणजे जिथे तो अडला तिथे कचरा, आणि सॉफ्टवेअर तेवढी जागा शेजारच्या पिक्सेलने भरून टाकतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र चित्रच चांदीचं असतं. चांदी इन्फ्रारेड अडवते. फोटोत जे पांढरं, तिथे निगेटिव्हवर सर्वात जास्त चांदी. यंत्राने माणसांनाच धूळ समजून पुसायला घेतलं होतं.

हे मी मामांना समजावत होते. ते मध्येच म्हणाले, "चांदी असतीय ना त्यात. म्हणून तर नेलं त्यानं."

कुणी नेलं? मग निघालं. रंगीतचा जमाना आल्यावर एक भंगारवाला गावोगावच्या स्टुडिओत फिरायचा. जुन्या निगेटिव्ह किलोवर घ्यायचा, चांदी काढायला. मामांनी एक पोतं दिलं, १८ किलो. रंगीत त्याने हातातसुद्धा घेतल्या नाहीत. त्याला सी-४१ प्रोसेस माहीत असायची गरज नव्हती, कशात माल आहे ते माहीत होतं. आमच्याकडे म्हणतात, जालना सोने का पालना. चांदीचा हिशेब कुणी ठेवला नाही.

म्हणून आमच्या गावाची फोटोतली आठवण रंगीत आहे. त्याआधीचं जे होतं ते किमतीचं होतं, म्हणून गेलं.

हे फक्त आमच्याकडे झालं असंही नाही. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. ते उभं करणारे पी. के. नायर सांगायचे, की शेवटची रिळं चांदी काढून घेऊन संपवली गेली होती. उलट बाजूही आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा लाला दीनदयाळ हे निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. त्यांच्या काचेवरच्या अडीच हजारांहून जास्त निगेटिव्ह दिल्लीतल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळवून जपल्या. काचेवरही चांदीच असते. पण तिथे राजे होते, शिकारी होत्या, महाल होते. आमच्या पोत्यात बहुतेक पासपोर्ट साइज होते.

डब्यात काय होतं? २०४ फोटो. १२० रोलच्या काही पट्ट्या वेगळ्या, त्या माझ्या यंत्रात बसत नाहीत. पाकिटांवर स्टुडिओच्या नावाखाली छापलंय 'जि. औरंगाबाद'. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे पाकिटं त्याआधीची. (छापलेली पाकिटं संपेपर्यंत कुणी फेकत नाही, तेव्हा वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.) काही पट्ट्यांच्या काठावर 'ओरवो' अशी अक्षरं आहेत. ओरवो म्हणजे पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा कारखाना. मामांना देश आठवत नव्हता. "उटीचा इंदू मिळाला तर इंदू, नाहीतर हा," एवढंच. इंदू हा आपल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ब्रँड. त्यांचं उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं. घनसावंगीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुंजीचा फोटो बर्लिनच्या भिंतीपलीकडच्या फिल्मवर आहे, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

इन्फ्रारेड बंद करून सगळे पुन्हा स्कॅन केले. धूळ आता हाताने काढायची, एकेक ठिपका. चेहऱ्यावरचा ठिपका काढताना मी दरवेळी मामांना विचारते, तीळ आहे का धूळ. त्यांना बहुतेकदा आठवतं. नाही आठवलं तर ठेवते.

फोटो मोबाइलवर फिरले, तशा एक बाई घरी आल्या. साठीच्या असतील. वडिलांचा फोटो घरात नाही, पण माझ्या लग्नात तुम्हीच काढला होता, म्हणाल्या. मामांनी ओळखलं त्यांना. २०४ फोटो आम्ही दोनदा बघितले. त्यांचं लग्न त्यात नव्हतं. मामा म्हणाले, "पोत्यात गेलं, ताई." बाई म्हणाल्या, "असू द्या, तुम्हाला काय ठावं होतं." चहा न घेता गेल्या.

संध्याकाळी मी ३६ फोटोंचा एक पूर्ण रोल सोनाराकडे नेऊन काट्यावर ठेवला. दहा ग्रॅमच्या आसपास भरला. किलोत शंभर रोल, म्हणजे ३,६०० फोटो. मामांचं बरंचसं काम १२० वर होतं, त्यात रोलला बाराच फोटो आणि वजन जवळजवळ तेवढंच. सगळे १२० धरले तरी किलोला हजाराच्या वर. गुणिले १८.

मामा आकडा ऐकून गप्प बसले. किती पैसे मिळाले होते, असं मी विचारलं.

"कलर लॅबचं बिल थकलं होतं जालन्याचं," ते म्हणाले. "तेवढं फिटलं."