मिठागरातील सूक्ष्मजीवांचे गोत्र कसे सापडले?

१/८
मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरले की रायगडचा किनारा आंग्र्यांच्या आरमाराची आठवण देतो. याच जिल्ह्यात उरण-पेणकडे खाडीकाठी मिठागरे आहेत. मिठागरात भरतीचे पाणी उन्हाने आटते आणि मीठ धरू लागलेल्या पाण्यावर अनेकदा लालसर छटा येते. ती देणाऱ्या सूक्ष्मजीवांत एक प्राचीन वंश आहे: आर्किया.

२/८
जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने याच वंशातील मीठप्रिय जीवांकडे बोट दाखवले.

३/८
१९७७ पर्यंत आर्कियाची गणना जिवाणूंतच होई. दोघेही एकपेशीय, दोघांतही केंद्रक नाही. त्या वर्षी कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून हा वंश स्वतंत्र ठरवला. अनेकांना ते पटले नाही. साक्ष एकच होती.

४/८
दुसरी साक्ष जर्मनीतून आली. वोल्फ्राम त्सिलिग व सहकाऱ्यांनी मीठप्रिय हॅलोबॅक्टेरियमचे आरएनए पॉलिमरेज तपासले. जनुक हा मूळ दस्तऐवज, आरएनए त्याची नक्कल आणि पॉलिमरेज हा नक्कलनवीस. जिवाणूंचा नक्कलनवीस मोजक्या घटकांचा, आर्कियाचा बहुघटकी. पुढील काही वर्षांत त्याचे साम्य यीस्ट व प्राण्यांच्या पॉलिमरेजशी असल्याचे स्पष्ट झाले.

५/८
नक्कल कोठून सुरू करायची, हे जिवाणूंत सिग्मा प्रथिन दाखवते. आर्कियाची रीत निराळी. जनुकाच्या आरंभस्थानाआधी सुमारे २५ अक्षरांवर ‘टाटा बॉक्स’ असतो. टीबीपी प्रथिन त्यावर बसून डीएनए वाकवते. टीएफबी शेजारी बसून वाचनाची दिशा ठरवते व पॉलिमरेजला बोलावते. टीएफई डीएनएचे धागे उलगडण्यास हातभार लावते.

६/८
१९९२ ते १९९४ दरम्यान उघड झाले की टीबीपी आणि टीएफबी यांचे भाऊबंद मानवी पेशीतही आहेत. मानवी पेशीला मदतनीस अधिक लागतात आणि धागे उलगडण्यास एटीपीची ऊर्जाही. आर्कियाचे त्यावाचून भागते.

७/८
तरी हे घराणे एकरंगी नाही. जनुके चालू-बंद करणारी आर्कियाची बरीच नियामक प्रथिने जिवाणूंच्या घडणीची आहेत. २००० साली हॅलोबॅक्टेरियमच्या एका वाणाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात ६ टीबीपी आणि ७ टीएफबी आढळली.

८/८
१९९० मध्ये वूज यांनी ओटो कांडलर व मार्क व्हीलिस यांच्यासह सजीवांची तीन अधिक्षेत्रे मांडली. रूपावरून लावलेली वंशावळ स्वतंत्र साक्षी जुळताच मोडली. केंद्रक असलेल्या पेशींचा उगम आर्कियाच्याच एका शाखेतून झाला, असे आज अनेक संशोधक मानतात. मिठागरातील ती लाली परक्यांची नव्हे, दूरच्या भाऊबंदांची आहे.

#इतिहास #विज्ञानाचाइतिहास