पणजोबांच्या चेहऱ्यावरचा उजेड

जुन्या घरांच्या ओसरीवर काळवंडलेल्या फ्रेमांतून पूर्वज आपल्याकडे पाहत असतात. पाहुणा विचारतो आणि घरातले सांगतात, "हे आमचे पणजोबा, फार कडक. ही पणजी, रंगाने काळीसावळी." ही दोन्ही विधाने पुष्कळदा माणसाबद्दल नसतात, स्टुडिओतल्या उजेडाबद्दल असतात.

फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये जगापुढे आला. लंडनमध्ये रिचर्ड बिअर्डने १८४१ साली व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ थाटला, तो इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली. दिव्यांचा उजेड त्या कामाला पुरतच नव्हता; सूर्य हाच दिवा. छपराच्या काचा निळ्या होत्या. त्या काळच्या प्लेटला मुख्यतः निळाच प्रकाश कळे. त्यामुळे निळ्या काचेने फोटोचे काम अडत नसे आणि समोर बसलेल्याचे डोळेही दिपत नसत.

पुढे काचघराचे शास्त्र तयार झाले. छपराचा उतार उत्तरेकडे ठेवायचा, म्हणजे ऊन थेट आत न येता आभाळाचा मऊ उजेड मिळतो. काचेखाली सरकते पडदे लावायचे. एका बाजूचा पडदा उघडला की त्या गालावर प्रकाश. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद झाली तर तिकडे पांढरी चादर धरायची. आजच्या स्टुडिओतला मुख्य दिवा, सॉफ्टबॉक्स आणि रिफ्लेक्टर ही याच पडद्या-चादरीची नवी रूपे. सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण ठेवण्याच्या पद्धतीला तर १७व्या शतकातल्या रेम्ब्रां या डच चित्रकाराचे नाव आहे.

मात्र उत्तरेचा हा नियम युरोपातला. पणजी साडेपंधरा अक्षांशावर आहे. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेच्या छपरातूनही ऊन आत येणार आणि पावसाळ्यात उजेडच मंद होणार. १९व्या शतकाच्या अखेरीस पणजीत सौझा अँड पॉलसारखे स्टुडिओ काम करत होते, ते अशा आभाळाखाली.

आता पणजोबांचा कडकपणा. त्या उजेडात ओल्या प्लेटवर फोटो उमटायला काही सेकंद लागत. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू असे. तेवढा वेळ हसू टिकत नाही. ओठ मिटून बसणेच सोयीचे.

आणि पणजीचा रंग. त्या प्लेटना तांबडा, पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळे, सोने मळकट, लाल शालू काळपट. निळे लुगडे मात्र पांढुरके. गव्हाळ कांती असायची त्याहून गडद उमटे. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आल्या १९०६ च्या सुमारास, आणि सर्वत्र रुळायला आणखी बराच काळ गेला.

काचघराची आणखी एक अडचण होती. उजेड हवा तर उघडेपणा आला, आणि पडद्यातल्या स्त्रियांना तो चालत नसे. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफीकडे वळलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आणि कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई. उजेडाची अशी सोय झाली तेव्हा कुठे त्या घरांतल्या बायकांचे चेहरे मागे राहिले.

कृत्रिम उजेड हळूहळू आला. १८७७ मध्ये व्हॅन डर वाइडने लंडनमध्ये विजेच्या दिव्यावर स्टुडिओ चालवला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची भगभगणारी पूड निघाली, १९२९ च्या सुमारास फ्लॅशचे बल्ब. दिवा हाती आल्यावर तो पाठीमागेही ठेवता येऊ लागला. केसांना उजळ कड आली आणि माणूस पडद्यापासून सुटा दिसू लागला.

घर रंगवताना किंवा पाडताना हे फोटो आधी माळ्यावर आणि मग कचऱ्यात जातात. त्याआधी एकदा भिंग घेऊन डोळ्यांतला पांढरा ठिपका पाहा. तो चौकोनी, खिडकीसारखा असेल तर फोटो बहुधा आभाळाच्या उजेडातला. गोल आणि एकाहून अधिक असतील तर दिव्यांचा. सावली कोणत्या गालावर आहे तेही पाहा. पणजोबा त्या दिवशी कोणत्या बाजूला खिडकी ठेवून बसले होते, एवढे तरी नक्की कळेल. रागीट होते की नाही, ते मात्र फोटोला विचारू नका.