पायाची नाडी आणि ओहमचा नियम

मनगटावरची नाडी मोजण्याचा प्रयोग आपण वर्गात करून घेतोच. पुढच्या वेळी मुलांना पावलाच्या वरच्या बाजूला नाडी शोधायला सांगा. काहींना ती लागेल, काहींना लागणार नाही. निरोगी माणसांतही असे घडते. मग प्रश्न उरतो, तेथे नाडी नाही की आपल्या बोटांना ती कळत नाही?

रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर होतो. धमनी आतून चोंदली की पायाला रक्त कमी पडते. आधी चालताना पोटरी दुखते. दुखणे वाढले तर बोटे काळी पडतात, प्रसंगी पाय कापावा लागतो. विडी-सिगारेटने हा धोका वाढतो. अडथळा कोठे आहे हे पाहण्यासाठी धमनीत द्रव्य टोचून क्ष-किरण चित्र घेत. सुई न टोचता काही कळेल का?

फ्रान्समध्ये मारे यांनी १८६० साली मनगटावरच्या नाडीची लाट कागदावर उमटवणारे यंत्र केले होते. पण त्यालाही हाताला लागणारी नाडीच हवी होती. अमेरिकेतील नायबोअर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास विजेची वाट धरली. रक्त हे आजूबाजूच्या स्नायू, चरबी व हाडांपेक्षा चांगले विद्युत्‌वाहक आहे. प्रत्येक ठोक्याला पायात थोडे जास्त रक्त येते आणि पायाचा विद्युत् रोध किंचित घटतो.

हे तत्त्व मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात वापरले गेले. गिरणगावातले हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तेथील डॉ. जी. बी. पारुळकर व त्यांचे सहकारी आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील जी. डी. जिंदाल प्रभृती यांनी मिळून, धमन्या चोंदलेल्या रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९८१ साली प्रसिद्ध केली.

या पद्धतीत पायावर चार इलेक्ट्रोड लावतात. बाहेरच्या दोनांतून अतिशय सौम्य, उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. रुग्णाला तो जाणवतही नाही. आतले दोन इलेक्ट्रोड फक्त विभवांतर मोजतात. प्रवाह कायम ठेवला, तर रोध घटताच विभवांतरही घटते. हा आपला शाळेतला ओहमचा नियमच! अडथळ्याच्या पलीकडे नाडीची लाट बुटकी होते आणि उशिरा पोचते. मांडी, पोटरी, घोटा अशा मोजण्या घेत गेले की बिघाड कोणत्या टप्प्यात आहे याचा अंदाज येतो.

या यंत्राला मर्यादा होत्याच. धमनीचे चित्र त्यातून दिसत नाही. रुग्ण हलला तर आलेख बिघडतो. पुढे ध्वनिलहरींवर चालणारी डॉप्लर तपासणी सर्वत्र रुळली. पण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असो की अधू हाताला व्यायाम देणारा यंत्रमानव, आधी शरीरातला सूक्ष्म बदल मोजता येण्याजोग्या संकेतात आणावा लागतो. तो संकेत खरा की रुग्णाच्या हालचालीचा, हे ओळखायला मात्र जाणते माणूस लागते.

म्हणून आमची शिक्षकांना सूचना अशी, की ज्या मुलाला पावलावर नाडी सापडली नाही त्याला ‘चुकलास’ म्हणू नका. ‘आणखी कशाने मोजता येईल?’ असे विचारा. परळच्या प्रयोगामागेही हाच प्रश्न होता.