तपासणी तीच, बिल मात्र वेगळे

अमेरिकेतील एखाद्या रुग्णालयात एकाच सकाळी दोन महिला मॅमोग्राफीसाठी येतात. दोघींचे वय पन्नाशीच्या आसपास. यंत्र तेच, तंत्रज्ञ तीच आणि दोघींच्याही दोन्ही स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली जातात. महिनाभराने एकीला विमा कंपनीकडून काहीही देणे नसल्याचे पत्र येते, तर दुसरीच्या हाती काहीशे डॉलरचे बिल पडते. पहिली महिला नियमित तपासणीसाठी आली होती; दुसरीने 'गाठ लागते आहे' असे डॉक्टरांना सांगितले होते. एवढ्या एका वाक्याने तिच्या कागदावरील कोड बदलला आणि कोडबरोबर खर्चाचा भारही.

काय केले आणि का केले

अमेरिकेत विमा कंपनीकडे जाणाऱ्या अशा तपासणीच्या क्लेमवर दोन प्रकारचे कोड असावे लागतात. पहिला 'सीपीटी' कोड. कोणती सेवा दिली, हे तो सांगतो. ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशन तयार करते. कोणतेही लक्षण नसताना दोन्ही स्तनांची केलेली तपासणी म्हणजे 'स्क्रीनिंग' मॅमोग्राफी; तिचा कोड ७७०६७. लक्षण किंवा शंका असल्याने केलेली तपासणी 'डायग्नॉस्टिक' ठरते. ती एका स्तनाची असल्यास ७७०६५ आणि दोन्ही स्तनांची असल्यास ७७०६६ हा कोड लागतो.

दुसरा कोड 'आयसीडी-१०-सीएम' या वर्गीकरणातील. सेवा कशासाठी दिली, हे त्यावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ही अमेरिकी आवृत्ती तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. नियमित स्क्रीनिंगसाठी झेड १२.३१ हा कोड वापरतात. स्तनातील गाठीचा कोड एन ६३ पासून सुरू होतो. ऑक्टोबर २०१७ पासून गाठ कोणत्या स्तनात व कोणत्या भागात आहे, हेही नोंदवावे लागते. उजव्या स्तनाच्या वरच्या बाहेरील भागातील गाठ असेल, तर एन ६३.११. स्तनातील वेदनेसाठी एन ६४.४, तर स्तनाग्रातून होणाऱ्या स्रावासाठी एन ६४.५२. 'काय केले' आणि 'का केले' यांचा मेळ बसला नाही, तर क्लेम नाकारला जाण्याची शक्यता असते.

निष्कर्ष नव्हे, कारण महत्त्वाचे

कोडिंगमधील सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. महिला नियमित तपासणीसाठी आली आणि चित्रात कॅल्शियमचे सूक्ष्म कण आढळले, तरी पहिला कोड झेड १२.३१ हाच राहतो. आढळलेल्या दोषाचा आर ९२.० हा कोड त्यानंतर जोडता येतो. उलट, गाठीच्या तक्रारीवरून केलेल्या तपासणीत काहीच निघाले नाही, तरी ती तपासणी डायग्नॉस्टिकच मानली जाते.

आई किंवा बहिणीला स्तनांचा कर्करोग झाला असेल, पण स्वतःला कोणतेही लक्षण नसेल, तर तपासणी स्क्रीनिंगच राहते. कौटुंबिक इतिहासाचा झेड ८०.३ हा कोड केवळ सोबत लावला जातो. बाह्यरुग्ण विभागाच्या नियमांनुसार 'कर्करोगाची शंका' असे लिहिलेले असले, तरी कर्करोगाचा कोड लावता येत नाही. निदान होईपर्यंत केवळ गाठीचीच नोंद करावी लागते. न झालेल्या कर्करोगाची नोंद महिलेच्या नावावर पडू नये, हा या नियमाचा मोठा लाभ.

शून्य खर्चाची मर्यादा

या दोन शब्दांना पैशांचे वजन आले ते कायद्यामुळे. २०१० च्या 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'ने बहुतेक खासगी विमा योजनांना ठराविक प्रतिबंधात्मक सेवा रुग्णाकडून पैसे न घेता देण्याचे बंधन घातले. स्क्रीनिंग मॅमोग्राफी त्यात मोडते. या तरतुदीला न्यायालयात आव्हान देण्यात आले होते. मात्र जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

लक्षणामुळे केलेली तपासणी मात्र उपचारांच्या खात्यात जाते. तेथे वर्षाची ठराविक रक्कम रुग्णाने आधी स्वतः भरायची असते. ही 'डिडक्टिबल' मोठी असलेल्या योजनेत संपूर्ण बिल महिलेच्या माथी पडू शकते. ज्येष्ठांसाठीच्या 'मेडिकेअर' या सरकारी योजनेतही वार्षिक स्क्रीनिंग विनामूल्य आहे, तर डायग्नॉस्टिक तपासणीत डिडक्टिबल भरल्यानंतरही २० टक्के वाटा रुग्णाला द्यावा लागतो.

पुन्हा बोलावणे आल्यास

स्क्रीनिंगचे चित्र अस्पष्ट वा शंकास्पद असेल, तर रेडिओलॉजिस्ट अहवालात 'बायरॅड्स शून्य' असा शेरा देतात. याचा अर्थ कर्करोग आहे असा नाही. तपासणी अपुरी आहे, एवढाच. त्यानंतरची जादा चित्रे व सोनोग्राफी डायग्नॉस्टिक गटात येत असल्याने विनामूल्य सुरू झालेली तपासणी अर्ध्यावर खर्चिक होत असे. खर्चाच्या धास्तीने दुसरी फेरी टाळणे हा त्यातील खरा धोका होता. डिसेंबर २०२४ मध्ये महिलांच्या प्रतिबंधात्मक सेवांची मार्गदर्शक तत्त्वे सुधारण्यात आली. त्यानुसार २०२६ पासून सुरू होणाऱ्या योजनावर्षांत, स्क्रीनिंग पूर्ण करण्यासाठी आवश्यक असलेली पुढील तपासणीही बहुतेक खासगी योजनांना रुग्णावर भार न टाकता द्यावी लागते. स्वतःला गाठ जाणवल्याने थेट आलेल्या महिलेला मात्र या सुधारणेचा तसा आधार मिळत नाही.

कोडरचे हात बांधलेले

या कामाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. अमेरिकी रुग्णालयांच्या बिलिंग व कोडिंगचे बरेच काम भारतात होते आणि पुणे, मुंबई, नवी मुंबई येथील कार्यालयांत फार्मसी, होमिओपॅथी वा जीवशास्त्राचे शिक्षण घेतलेले अनेक तरुण-तरुणी ते करतात. हजारो मैलांवरील महिलेला बिल जड जाईल, हे कळत असले तरी कोडरला कोड बदलता येत नाही. डॉक्टरांच्या नोंदीत जे लिहिले आहे, त्याचाच कोड लावावा लागतो. जाणीवपूर्वक खोटा कोड लावून सरकारी योजनेकडून पैसे घेतल्यास 'फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट'खाली कारवाई होऊ शकते. नोंदीत विसंगती दिसल्यास डॉक्टरांकडे विचारणा करणे, हाच कोडरपुढील योग्य मार्ग.

बिल चुकीचे वाटल्यास

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तपासणीची वेळ ठरवितानाच ती स्क्रीनिंग म्हणून नोंदली आहे की डायग्नॉस्टिक म्हणून, हे विचारून घ्यावे. अनपेक्षित बिल आल्यास प्रथम कोडसह तपशीलवार बिल मागवावे व विमा कंपनीच्या पत्रकाशी ताडून पाहावे. लक्षण नसताना डायग्नॉस्टिक कोड लागला असेल, तर डॉक्टरांची मूळ ऑर्डर दाखवून रुग्णालयाकडून दुरुस्त क्लेम पाठविण्याची मागणी करता येते. खासगी विमा कंपनीने क्लेम नाकारल्यास साधारणपणे १८० दिवसांच्या आत अपील करता येते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही हिशेबापलीकडची आहे. बिल वाचविण्यासाठी गाठ लपवू नये. लक्षण कळले, तरच रेडिओलॉजिस्ट त्या जागेची जादा चित्रे घेतात आणि गरज भासल्यास त्याच वेळी सोनोग्राफी करतात. चुकलेल्या बिलाची दुरुस्ती पुढेही होऊ शकते. उशिरा झालेल्या निदानाची होत नाही.