डिलाईल रोडची उधारी

नोव्हेंबर 1979. दहा तारीख, दुपारचे साडेतीन. तुम्ही लोअर परळ स्टेशनातून पूर्वेला उतरून डिलाईल रोडला लागता आणि भोंगा होतो. एका गिरणीचा थांबतो न थांबतो तोच दुसरीचा सुरू. मथुरादासचं फाटक उघडतं, तिकडे अपोलोचं, आणि पहिल्या पाळीची माणसं रस्त्यावर येतात. दुसऱ्या पाळीची आत निघालेली असतात. दोन लोंढ्यांच्या मधोमध तुम्ही सापडता. कुणीतरी खांद्याला धरून तुम्हाला कडेला करतं: "बाजूला व्हा पाव्हणं, आज पगार हाय."

बाहेर पडणाऱ्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा तूस बसलेला आहे. फाटकासमोर काठ्या टेकून पठाण उभे आहेत, व्याज वसूल करायला. त्यांच्या अलीकडे बायका. कडेवर पोर, हातात पिशवी. पगाराचं पाकीट गुत्त्याकडे वळायच्या आत आपल्या हाती यावं म्हणून त्या कधीच्या येऊन थांबल्या आहेत.

त्यातल्याच एका जोडप्याच्या मागे चला. ती दोघं घरी जात नाहीत, आधी वाण्याकडे जातात. दुकान म्हणजे दहा फुटांचा गाळा. दाराशी उघड्या तोंडाची पोती, आत तेलाचे डबे, वर टांगलेली तागडी. शेठ गल्ल्याखालून लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही काढतो आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटतो. पानाच्या डोक्यावर नाव बारीक अक्षरात आहे. ठळक अक्षरात आहे तो पत्ता: चाळ 12, तिसरा माळा, देवगड. मुंबईतली खोली बदलली तरी गाव बदलत नाही, म्हणून गाव लिहायचं. खाली महिन्याभराच्या नोंदी. तूरडाळ अर्धा किलो. चहापूड, पन्नास पैशांची. तेल, बाटलीतून. साखर, पाहुणे आले म्हणून, दोनदा. एका ओळीवर बाईचं बोट थांबतं. "हा गूळ आमचा नाय. बाजूच्या खोलीतला." शेठ तिच्याकडे बघतो, ओळ खोडतो आणि दुसऱ्या पानावर मांडतो. कुणी कागद मागत नाही. हिशेब होतो, निम्मे पैसे चुकते होतात, निम्मे पुढच्या महिन्यावर जातात. निघताना शेठ पोराच्या मुठीत चणे देतो.

या वहीकडे नीट बघून घ्या. गिरणगावाबद्दल बोलताना माणसं चिमण्या, भोंगे, लाल बावटा, दामोदर हॉलमधली नाटकं यांच्याबद्दल बोलतात, आणि ते सगळं खरंच आहे. पण कोकणातून किंवा घाटावरून पत्र्याची पेटी घेऊन आलेला माणूस बदली कामगार म्हणून रोज फाटकावर उभा राहायचा, काम मिळेल-न मिळेल अशा अवस्थेत महिने काढायचा, आणि तरी उपाशी राहायचा नाही, तो या वहीमुळे. तिच्या जोडीला खानावळ होती. तीही पाहून घ्या.

बीडीडी चाळीतली खोली, 160 चौरस फूट. एका कोपऱ्यात दोन स्टोव्ह. पाटावर बसलेली मावशी भाकरी थापते आहे, आणि भिंतीला पाठ लावून सहा माणसं जेवताहेत. ही सहा उठली की पुढची सहा बसणार. हे सगळे गाळ्यात राहणारे, म्हणजे एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, बायकामुलं गावाला ठेवून आलेले गडी. जेवणाचे पैसे दहा तारखेला. मावशीही महिनाभर वाण्याकडून उधारीवरच धान्य उचलते, आणि वाणी मस्जिद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून. चार वर्षांपूर्वी, 1975 मध्ये, प्रेमा पुरव यांनी अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या दारातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याआधी या बायकांना कुणी व्यावसायिक म्हणत नव्हतं. सगळी गिरणगावची सकाळ त्यांच्या हातच्या भाकरीवर सुरू व्हायची, तरीही.

सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. उधारीवर घेणाऱ्याला माल महागच पडायचा आणि तक्रारीला जागा नसायची. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, दलित कामगारांना बरीच वर्षं घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. कोण कुणाच्या खानावळीत जेवतो हेही जातीवर ठरायचं. वहीत तुमचं गाव लिहिलेलं असायचं, म्हणजे तुमची जातही सगळ्यांना ठाऊक असायची. या वस्तीनं माणसाला ओळख दिली आणि त्याच ओळखीत त्याला कोंडलंही.

आता तीन वर्षं पुढे या. गल्ली तीच, 1982 चा ऑगस्ट. भोंगा नाही. 18 जानेवारीला कामगार नेते दत्ता सामंतांनी पुकारलेला संप सातव्या महिन्यात आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आहेत. कायद्यानं वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा, आणि कामगार मात्र सामंतांच्या मागे, त्यामुळे बोलणीच पुढे सरकत नाहीत. चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं आहेत. माणसं गावी भातलावणीला गेलीत. उरलेल्यांना गावाहून तांदळाचं गाठोडं येतं.

वाण्याच्या दुकानात उभे राहा. चाळ 12, तिसरा माळा, देवगड हे पान संपलं, शेठनं त्याला दुसरं पान जोडलं, आता तिसरं. तो "लिहून ठेवतो" म्हणतो, पण पहिल्यासारखं मोठ्यानं नाही. मस्जिद बंदरहून त्यालाही निरोप आलाय. मावशीच्या हातात पाटल्या होत्या, त्या दिसत नाहीत. तिच्या पंगतीला अजून चार गडी येतात. पैशांचा विषय तीही काढत नाही आणि तेही काढत नाहीत. पोलिसांचा दट्ट्या, फूट, उपासमार, सगळं सोसून हा संप वर्षाच्या पुढे गेला, हे आजही अनेकांना कोडं वाटतं. माझ्या मते त्याचं निम्मं उत्तर या दहा फुटांच्या गाळ्यात आहे. युनियनच्या तिजोरीत इतके पैसे कुठून असणार? संप गावच्या तांदळावर आणि गल्लीच्या उधारीवर चालला. तो अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. आणि पानंही तशीच राहिली. कितीजणांची बाकी कधीच फिटली नाही, आणि कितीजणांनी गावची जमीन विकून ती फेडली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

पुढची वीस वर्षं भराभर ओलांडा. एकेक गिरणी आजारी, मग बंद. जमीन मात्र जागेवर होती, शहराच्या ऐन मध्यात सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमानं तिचे ढोबळमानानं तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी, एक मालकाला. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीला आराखडा करायला सांगितलं गेलं. मग 2001 मध्ये नियमाचा अर्थच बदलला. तीन वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे होतील, ज्या जागेवर शेड आणि इमारती उभ्या आहेत ती त्यात धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? लोकांच्या वाट्याची जागा एकदम आक्रसली. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2005 मध्ये लोकांच्या बाजूनं निकाल दिला आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. गल्लीचं नशीब या दोन ओळींच्या दुरुस्तीत ठरलं. बहुतेक दुकानं आली ती त्यानंतर, म्हणून रागवायचंच असेल तर आधी त्या दुरुस्तीवर रागवावं.

आता रुळांच्या पश्चिमेला, सेनापती बापट मार्गावर या. फिनिक्स मिल. नव्वदीच्या अखेरीस हिच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, डिस्को आला. पाठोपाठ बिग बझार. आत शिरा. थंडगार हवा, पांढरे दिवे, तांदळाच्या पाच किलोच्या पिशव्यांची चळत. तुमच्या शेजारी साठीची एक बाई डाळीच्या पाकिटावरची किंमत दोनदा वाचते. वाण्यापेक्षा स्वस्त आहे. ती खूश होते, आणि तिच्या आनंदाला नावं ठेवायचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. आयुष्यभर उधारीचा वाढीव भाव दिलेल्या बाईला रोखीचा स्वस्त माल मिळाला, तिला आत यायला कुणी अडवलं नाही, तिची जात कुणी विचारली नाही. 2006 च्या 26 जानेवारीला 'सबसे सस्ता दिन' म्हणून जी गर्दी उसळली, त्या गर्दीला हीच भूक होती.

रांगेत तिच्या मागे उभे राहा. काउंटरवरची मुलगी वस्तू यंत्रासमोरून फिरवते, टुक, टुक, टुक. एकूण आकडा येतो. बाई रुमालाची गाठ सोडते. वीस रुपये कमी आहेत. ती मुलीकडे बघते. मुलगी चांगली आहे, चाळीतलीच असावी, पण वीस रुपये मांडून ठेवायला तिच्याकडे वही नाही. ती साबण बाजूला काढते आणि म्हणते, "आजी, हा पुढच्या वेळी घ्या." मागची रांग चुळबुळते. दाराशी निळ्या गणवेशातला पहारेकरी बिलावर शिक्का मारतो. त्याचे वडील याच आवारात साचे चालवायचे. त्यांना काढून टाकायला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. याचा ठेकेदार बदलला की याची नोकरी गेली.

भाव सोडला तर दोन दुकानांत फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. वाण्याला गल्ली सोडून जाता येत नव्हतं, कारण त्याचा पैसा गल्लीतल्या पानापानांवर अडकलेला होता. वस्ती उभी राहिली तरच तो उभा राहणार. साखळी दुकानाचं वस्तीत काही अडकलेलंच नसतं. 2022 मध्ये बिग बझारच्या फलकांचा कारभार आटोपला. गल्लीवर त्याची काही बाकी नव्हती आणि गल्लीची त्याच्यावर नव्हती. तोवर वाणी मात्र गेले होते. शेठच्या मुलानं गाळा दिला, तिथे आधी मोबाइलचं दुकान, मग कॉफीचं.

पण त्याआधीच्या 2017 मध्ये थांबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 29 सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिलच्या गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत 14. गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या, पण गर्दी वाहून न्यायला जिने, पूल, रस्ते जुनेच. सार्वजनिक वाटा नीट मिळाला असता तर रुंद रस्ते, मोकळी मैदानं यांना जागा राहिली असती.

आणि आता जुलै 2025, आझाद मैदान. पाऊस धरून आहे. तुम्ही छत्री मिटून ताडपत्रीखाली शिरता. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस घरांसाठी जमले आहेत. 2012 मध्ये गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या 6,925 घरांची सोडत निघाली होती, अर्ज मात्र लाखाच्या कितीतरी वर. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणीत घरं घ्या असं सांगितलं जातंय, कर्जत मार्गावर, बदलापूरच्याही पुढे. ते म्हणतात, जमीन मुंबईतली गेली, घर मुंबईतच द्या. यात जास्तीचं काय मागितलं, मला समजत नाही.

तुमच्या शेजारची आजी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढते. नवऱ्याचा गिरणीतला पास, फोटोच्या कडा झिजलेला. विमा योजनेचं कार्ड. तहसीलदाराचा दाखला. अर्जाची पोचपावती, घडीवर चिकटपट्टी लावलेली. संघटनेचा कार्यकर्ता कागद तपासतो, रजिस्टरात तिचं नाव शोधून पुढे खूण करतो. "पुढची बैठक रविवारी, आजी."

"रविवारी नको रे," ती म्हणते. "नात फिनिक्सला कपड्यांच्या दुकानात आहे. शनिवार-रविवार सुटी देत नाहीत, आणि मला एकटीला गाडीत चढवत नाही. मंगळवारी ठेव."

कार्यकर्ता मागच्या बाकावरच्यांना विचारतो, मंगळवार कुणाकुणाला जमेल. बऱ्याच बायकांचे हात वर होतात.