सशाचे कान आणि सर्पगंधेची मुळी

वनस्पतीचा अर्क प्राण्याला द्यायचा आणि काय होते ते पाहायचे, ही औषध तपासण्याची सरधोपट रीत. सर्पगंधेच्या बाबतीत ती उलटी झाली. तिच्या मुळीतून निघालेले रिसर्पिन पुढे स्वतःच कसोटी बनले : ते टोचून प्राणी मलूल करायचा आणि दुसरे औषध त्याला उठवते का, हे पाहायचे. नैराश्यावरच्या कितीतरी गोळ्या या कसोटीतून गेल्या. तिचे मूळपीठ म्हणून कोणी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे नाव घेते, कोणी मुंबईचे. माझे मत कलकत्त्याला.

टप्पे सर्वश्रुत आहेत. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकींनी मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीने रिसर्पिन शुद्ध केले.

खरी मेख १९५७ची आहे. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे जागच्या जागी गळून बसले, कान लोंबले, पापण्या मिटत आल्या. मग एल-डोपा टोचले, आणि थोड्याच वेळात कान पुन्हा ताठ! रिसर्पिनमुळे मेंदूतल्या पेशींना आपले संदेशवाहक साठवता येत नाहीत. बाहेर राहिलेला साठा मोडून जातो. एल-डोपाने नॉरॲड्रेनॅलिन भरून निघाले असेल, हा पहिला तर्क. पण मेंदू तपासला तर ते होते तितकेच कमी, आणि वाढले होते डोपामिन. पार्किन्सनच्या उपचाराची वाट इथून निघाली. कार्लसनना २००० साली नोबेल मिळाले.

यावर आक्षेप असा, की हे सगळे शुद्ध रसायनाचे काम. त्यात वैद्यांच्या मुळीचा काय संबंध? वरवर पाहता बिनतोड. पण रिसर्पिन मेंदूच्या प्रयोगशाळांत शिरले ते मनोरुग्णांना शांत करणारे औषध म्हणून. ती ख्याती १९३१च्या कलकत्त्यातली. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्या वर्षीच्या लेखाच्या मथळ्यातच वेड आणि उच्च रक्तदाब ही दोन्ही नावे घातली होती, वेड आधी. बिहारात तर ही मुळी 'पागल की दवा' म्हणूनच विकली जाई. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ती वापरली, तीही वेडावरच. रक्तदाबाचा आकडा भूल दिलेल्या प्राण्याच्या धमनीतही मोजता येतो. मलूलपणा पाहायला प्राणी जागा लागतो. तेव्हा सशाचे लोंबलेले कान रक्तदाबाच्या शाखेतून येणे मला अवघड दिसते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा : मलूल ससा म्हणजे काही खिन्न माणूस नव्हे. हे मान्यच. रिसर्पिनने रुग्णांना नैराश्य येते, या समजुतीवर ही कसोटी तोलली गेली, आणि जुने पुरावे नंतर पुन्हा तपासले तेव्हा तो आधार डळमळीत निघाला. पण त्यामुळे कसोटीची किंमत घटते, तिचे कूळ बदलत नाही. वकिलांचे श्रेय मोठे आहे, १९५७चा लास्कर पुरस्कार त्यांना उगाच मिळाला नाही. मात्र ते रक्तदाबाच्या खात्यावर जमा आहे. सशाच्या वंशवेलीत मूळपुरुष म्हणून सेन आणि बोस यांचीच नावे लिहायला हवीत.